सणाची सुट्टी कुणाला? नर्सिंग होमची ड्युटी आणि तुमचा पेशंट

दिवाळीत घरचं माणूस नर्सिंग होममध्ये ॲडमिट असेल, तर तुम्ही पहिल्यांदा विचारता, "डॉक्टर राऊंडला येणार ना?" पण रात्री सलाईन बदलणारी सिस्टर किती तासांपासून उभी आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

मी ज्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायचो, तिथे लक्ष्मीपूजनाला दरवर्षी एकाच सिस्टरला थांबवलं जायचं. कारण काय, तर "तुझं अजून लग्न झालेलं नाही." एका वर्षी तिने ऐनवेळी फोन बंद ठेवला. सकाळच्या सिस्टरला रात्रही काढावी लागली. पहाटे एका पेशंटला इन्सुलिन दुसऱ्यांदा दिलं जाणार होतं. मुलाने टोकलं म्हणून टळलं.

थकवा आणि चुका

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, साडेबारा तास किंवा त्याहून लांब ड्युटीत नर्सकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. म्हणजे सुट्टीच्या वाटपाचा थेट संबंध तुमच्या पेशंटशी आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉस्पिटल आणि प्रसूतिगृहंही येतात. (किमान कामगारसंख्येची अट आहे.) वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि इतर 4. या 4 सुट्ट्या मालक आणि कर्मचाऱ्यांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. त्या दिवशी कामावर बोलावलं, तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी द्यावी लागते.

न्याय्य वाटप कसं करावं?

- वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून पसंतीक्रम घ्या. केरळच्या ख्रिस्ती सिस्टरला नाताळ हवा असतो, कोकणातल्या मावशींना गणपती. बरेच पेच इथेच सुटतात.
- एकाच दिवसासाठी दोघी अडल्या, तर गेल्या वर्षी त्या दिवशी ड्युटी केलेलीला यंदा पहिला हक्क. ही नोंद सर्वांना दिसेल अशी लावा.
- लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज वेगवेगळे मोजा.
- लग्न किंवा मुलं हा निकष नको. अविवाहित मुलीलाही आईवडील असतात.
- आपसात अदलाबदल चालेल, पण लेखी, आणि सलग दोन पाळ्या होणार नाहीत अशी.
- आयाबाई आणि वॉर्डबॉय यांनाही हेच नियम लावा.

मालक डॉक्टरांची अडचणही खरी आहे. सहा सिस्टरमध्ये तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या बसवल्यावर फारसं कुणी उरत नाही. अशा वेळी थांबण्यासारखी ऑपरेशन्स सणानंतर घ्यावीत आणि त्या आठवड्यात कमी खाटा चालवाव्यात. उत्पन्न थोडं घटेल, पण थकलेल्या हातून झालेली चूक त्याहून महाग पडते.

तुम्ही काय करू शकता?

ऑपरेशन थांबण्यासारखं असेल, तर तारीख ठरवताना विचारा: "सणात रात्री वॉर्डला किती सिस्टर असतील?" इंजेक्शन देताना औषधाचं नाव विचारायला संकोचू नका. आणि भाऊबीजेच्या रात्री बेल वाजवल्यावर सिस्टरला यायला दोन मिनिटं उशीर झाला, तर आवाज चढवण्याआधी तिचा भाऊही घरी वाट पाहत असेल, हे लक्षात घ्या.