लंडनमधलं गाव

शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, असं आपण किती सहज म्हणून जातो! बेथनल ग्रीन हा पूर्व लंडनमधला कामगारांचा भाग. मायकेल यंग आणि पीटर विलमॉट यांचं त्यावरचं पुस्तक १९५७ साली आलं. तिथल्या बऱ्याच लेकी लग्नानंतरही आईच्या घराजवळच राहत, सारखं येणं-जाणं. अगदी आपलं गिरणगाव! मग यातलीच काही कुटुंबं कौन्सिलच्या एसेक्समधल्या नव्या वसाहतीत गेली. घर ऐसपैस, मागे बाग... आणि आई बसभाड्याच्या अंतरावर. मला वाटतं, नाती शहर तोडत नाही, ही हलवाहलव तोडते. २०२५ साली आपले गिरणी कामगार आझाद मैदानात उतरले: शेलू-वांगणी नको, मुंबईतच घर द्या. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर चाळावं.