पेटी आली, ताईचं काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘जादुई पिटारा’ देशापुढे ठेवला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी या पेटीत खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं, गोष्टींची पुस्तकं आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनची मुलं शिक्षणाच्या रचनेत आणली आणि लहान मूल खेळता खेळता शिकतं ही गोष्ट सरकारी कागदावर ठसठशीत उमटली. तिचं मनापासून स्वागत करायला हवं. मात्र बालशिक्षणाच्या इतिहासातली ही पहिली पेटी नव्हे. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ अशा पेट्या येत आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पेटी गावोगाव पोचली, पण ती उघडून मुलांसोबत जमिनीवर बसणारं माणूस मागेच राहिलं.

पहिली पेटी फ्रेडरिक फ्रोबेलची. १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावी त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं. १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल अशा क्रमाने त्याने खेळसाधनं रचली. पण त्याआधी तो आयांकडे पाहत बसला होता. मांडीवरच्या बाळाची बोटं मोजणारी, टाळ्या वाजवून घेणारी, लपून ‘कुक’ करणारी आई हीच त्याची पहिली शिक्षिका. आईच्या या खेळगाण्यांचं पुस्तक त्याने १८४४ मध्ये काढलं. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत उठली नाही. तोवर फ्रोबेल वारला होता. त्याच्या पेट्या मात्र जगभर गेल्या, आणि अनेक ठिकाणी मुलं बाईंच्या हुकमावर ठोकळे रचू लागली.

मारिया माँटेसरीचंही तसंच झालं. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह उघडलं. आपल्याला आज तिचा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा आठवतो. पण मुलांनी स्वतः हात धुणं, केर काढणं, जेवण वाढणं, बटणं लावणं, हे त्या बालगृहाचं निम्मं काम होतं. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून ती मद्रासच्या अड्यारला आली. महायुद्धात इटली शत्रूपक्षात गेल्यावर इंग्रज सरकारने तिच्या मुलाला, मारिओला, अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं होतं. युद्धकाळभर ती भारतात शिक्षकांना शिकवत राहिली. साधनसामग्रीपेक्षा निरीक्षण करणारा मोठा माणूस तयार व्हावा यासाठी तिची सगळी धडपड होती.

भारतात बालशिक्षणाचं काम माँटेसरी येण्याआधीच सुरू झालं होतं. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये तिथे ताराबाई मोडक आल्या. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या या मराठी बाईंनी माँटेसरीचा विचार घेतला आणि महागड्या साधनांचा हट्ट सोडला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, दादरला शिशुविहार निघालं. या सगळ्यात शिक्षिका घडवण्याचं काम कधी थांबलं नाही. बालमंदिर आणि अध्यापनमंदिर ही जोडी त्यांच्या लेखी एकच संस्था होती. याकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं.

१९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ. मोरगावला १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताई बालविधवा, पुढे शिक्षिका झालेल्या. दोघींनी बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुलं येईनात. येणार तरी कशी? कडेवर धाकटं भावंड, आईबाप मजुरीला, अंगावर धड कपडा नाही. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, आणि हे सगळं करता करता गाणं, गोष्ट, मोजणी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, म्हणजे भावंडाला सांभाळणारी ताईही शिकू शकेल. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट चरणीच्या रानात कुरणशाळा भरली.

तिथे पेटी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे, बांबू, माती होती. चिंचोके आणि गुंजा वेगळ्या करताना मूल वर्गीकरण शिकतं. लहान पानापासून मोठ्या पानापर्यंत रांग लावताना क्रम कळतो. उंच लोटीतलं पाणी पसरट थाळ्यात ओतलं की ते कमी झाल्यासारखं दिसतं, आणि ‘तेवढंच आहे’ हे पटायला मुलाला कैक वेळा ओतून पाहावं लागतं. वाटाण्याची शेंग सोलताना अंगठा आणि तर्जनी जी पकड शिकतात तीच पुढे पेन्सिल धरते. कणकेचा गोळा मळल्याने मनगटात बळ येतं. सागरगोटे वर उडवून खालचे उचलायचे तर डोळा, हात आणि आकडा एकत्र चालावे लागतात. आणि भातुकली! तिच्यात पाहुणे येतात, चहा सांडतो, रुसवा होतो, समजूत निघते. चार वर्षांचं मूल ‘तू आई हो, मी डॉक्टर’ असं ठरवतं तेव्हा भाषा, नियम आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहणं हे सगळं एका दमात करतं. पण यातली कुठलीही गोष्ट मूल एकटं पूर्ण शिकत नाही. ‘आता कशात जास्त पाणी आहे?’ असं नेमक्या क्षणी विचारणारं आणि मग उत्तराची वाट पाहत गप्प राहणारं कुणीतरी जवळ लागतं. गप्प राहणं हे कौशल्य आहे. ते शिकवावं लागतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणात गेलेली ही बालवाडी ‘अंगणवाडी’ म्हणून सरकारी झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त. कुपोषणाविरुद्ध, लसीकरणासाठी या जाळ्याने केलेलं काम मोठं आहे. पण पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-आहार शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवांमध्ये शेवटची कायम शेवटचीच राहिली. वजनाचा तक्ता भरला नाही तर जाब विचारला जातो. आज मुलांनी मातीकाम केलं नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही. त्यात मोबाइलवर नोंदी भरायच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपची भर पडली. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे. तिला ग्रॅच्युइटी मिळावी एवढ्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं. निकाल तिच्या बाजूने लागायला २०२२ उजाडलं.

ज्यांना थोडंफार परवडतं ते आईबाप मग गणवेश, पाटी-दप्तर आणि इंग्रजी नाव असलेल्या नर्सरीकडे वळतात. त्यांना दोष देऊ नये. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला छोटा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहीपर्यंत गाडीसाठी रडला नव्हता. दासी रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी त्याला त्यानंतरच कमी वाटली. आपण अंगणवाडीला गरिबांची सोय म्हणून वागवलं, तर ती कुणाला पुरेशी वाटेल? तिकडे नर्सरीत तीन वर्षांचं मूल ठिपके जोडून अक्षरं गिरवतं, संध्याकाळी घरी गृहपाठ करतं. प्रवेशासाठी बाळांच्या मुलाखती घेऊ नयेत म्हणून महाराष्ट्राने १९९६ चा कायदा केला होता. आज तो किती पालकांना ठाऊक आहे?

जादुई पिटारा अंगणवाडीत जरूर यावा. त्यासोबत सरकारने आणखी तीन गोष्टी द्याव्यात. रोज सकाळचे सलग दोन तास सेविकेकडे फक्त मुलं असावीत, त्या वेळात नोंदवही नाही, मोबाइल नाही, सर्वेक्षण नाही; ते काम करायला वेगळं माणूस नेमावं. एखाद्या कार्यशाळेवर न भागवता तिला वर्षभराचं, मुलांमध्ये बसून घ्यायचं प्रशिक्षण मिळावं. आणि मानधनाऐवजी वेतनश्रेणी मिळावी, पहिलीच्या शिक्षकाच्या तोडीची. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात खेळण्यांच्या खरेदीची रक्कम आधी पाहू नये. सेविकांच्या प्रशिक्षणाची पाहावी, आणि ती कमी असेल तर प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात त्याचं कारण सांगायला लावावं.