किटबॅगेतली मशिनगन

दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकाला शत्रूचं ल्युगर पिस्तूल घरी नेता येई. वरिष्ठांच्या सहीचा एक कागद असला की झालं. मशिनगनला मात्र सक्त मनाई. म्हणून जर्मन एमपी-४० सुटी करून, मळक्या कपड्यांखाली दडवून घरी आणल्या गेल्या. (हिटलरला हरवून आलेल्याची किटबॅग उपसायची हौस कोणाला?) १९३४ च्या कायद्यानं अशा बंदुकीची नोंदणी बंधनकारक होती, वर २०० डॉलर कर. पण मुळात चोरून आणलेली वस्तू नोंदवायला जातो कोण! १९६८ च्या नोव्हेंबरात सरकारनं ३० दिवस अभय दिलं. कर नाही, खटला नाही, फक्त नोंद करा. काहींनी केली, काहींना त्यातही डाव दिसला. आता आजोबा गेले की नातवंडं माळा आवरतात आणि ट्रंकेत घोंगडीत गुंडाळलेलं घबाड सापडतं. तेव्हाची नोंद असेल तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात. नसेल तर तीच बंदूक म्हणजे १० वर्षांपर्यंतच्या कैदेचा ऐवज, आणि वारसाला आज ती नोंदवताही येत नाही. मुकाट सरकारजमा करायची. तिकडे ल्युगरसोबत तो सहीचा जीर्ण चिटोरा निघाला, तर पिस्तुलाचा भाव आणखी वधारतो.