ट्यूबलाइटखालील पान आणि खताचा सल्ला

पिकाच्या रोगट पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवून सल्ला मागण्याची पद्धत आता गावोगाव रूढ झाली आहे. ती चांगलीच आहे. तालुक्याच्या गावी हेलपाटा घालण्याचे त्यामुळे वाचते. परंतु यांतील अनेक छायाचित्रे शेतात काढलेली नसतात. शेतकरी दिवसभर कामात असतो. सायंकाळी परतताना तो दोनचार पाने खुडून आणतो, जेवणखाण आटोपल्यावर ती पडवीत फरशीवर मांडतो आणि भिंतीवरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात छायाचित्र काढून पाठवितो. कार्यकर्ताही तत्परतेने रात्रीच उत्तर देतो. ज्या रंगावर हे उत्तर आधारलेले असते तो रंग पानाचा नव्हे, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. अशा छायाचित्रावरून खताची मात्रा सांगणे ही तत्परता नसून चूक आहे आणि कार्यकर्त्याने तसे करण्यास स्पष्ट नकार दिला पाहिजे.

ट्यूबलाइट हा अनुस्फुरक दिवा होय. नळीत अल्प दाबाची पाऱ्याची वाफ असते. तीतून वीज गेली म्हणजे मुख्यतः डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण निघतात आणि नळीच्या आतील पांढऱ्या भुकटीचा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग सलग असतात. नळीच्या प्रकाशात मात्र काही रंगांचे ढीग आणि काही रंगांचे खड्डे असतात. पाऱ्याची स्वतःची 546 नॅनोमीटरची हिरवी रेषा त्यात ठळक असते, तर जुन्या पद्धतीच्या नळ्यांत गडद तांबडा रंग फारच थोडा असतो. माणसाचा डोळा व मेंदू याची सवय करून घेतात, म्हणून पडवीतला पांढरा सदरा आपणांस पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ही सवय नसते. फिल्मच्या काळात दिवसाच्या प्रकाशासाठी केलेली रंगीत फिल्म ट्यूबलाइटखाली वापरली की माणसांचे चेहरे हिरवट येत आणि जाणकार छायाचित्रकार भिंगापुढे किरमिजी छटेची काच लावीत.

पाऱ्याच्या नळ्या आता जाण्याच्या मार्गावर आहेत. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी त्यांचे उत्पादन व आयात-निर्यात 2027 पर्यंत थांबविण्याचे 2023 मध्ये ठरविले. पण त्यांच्या जागी आलेली एलईडीची दांडी म्हणजेही सूर्य नव्हे. तीत निळ्या प्रकाशाचा उंचवटा असतो व स्वस्त दांड्यांत तांबडा रंग तोकडाच पडतो. खोक्यावर छापलेल्या रंगदर्शकतेच्या आकड्यावरही फार विसंबू नये. तो आठ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो, गडद तांबडा नमुना तीत धरलेलाच नसतो.

नवे भ्रमणध्वनी रंग आपोआप सुधारतात, असे यावर कोणी म्हणेल. ते सुधारतात हे खरे, पण अंदाजाने. चौकटीतल्या एकूण रंगांवरून दिवा कसा असावा याचा तर्क यंत्र करते. चौकट जर एकाच पिवळ्या पडलेल्या पानाने भरली असेल, तर तो पिवळेपणा दिव्याचाच दोष समजून यंत्र तो पुसू पाहते आणि आजारी पान निरोगी होऊन कार्यकर्त्यापुढे येते. दारातून संधिप्रकाश व आतून ट्यूबलाइट असा मिश्र उजेड असेल, तर पानाची एक बाजू निळसर व दुसरी हिरवट येते. ती एका सुधारणेने सुधारता येत नाही.

याची किंमत शेतात मोजावी लागते. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, तेव्हा कोवळी पाने पिवळी-पांढरी होतात व शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असून तिला हिराकस लागतो. नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. रात्रीच्या छायाचित्रात हिरवट झाकेखाली शिरांतील फरक बुजला आणि पान झाडावरचे कितवे हे लिहिलेले नसले, तर केवड्याला युरियाचा सल्ला मिळतो. पैसा जातो व केवडा तसाच राहतो. भाताचे तर याहून वाईट. निरोगी भाताचे पान पिवळट दिसले म्हणून जादा नत्र दिले, तर करप्याला व तुडतुड्यांना आमंत्रणच मिळते. कपाशीवरील लाल्याचा तांबडा रंग तांबड्यात तोकड्या असलेल्या उजेडात मळकट तपकिरी येतो आणि एखाद्याला तो बुरशीचा करपा वाटून नाहक फवारणी होते.

भातासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेला पानांच्या रंगाचा तक्ता ज्यांनी वापरला आहे, त्यांना एक नियम ठाऊक असेल. पान तक्त्यावर ठेवताना उन्हाकडे पाठ करून त्यावर आपल्या अंगाची सावली धरावयाची व दर वेळी दिवसाची वेळही तीच ठेवावयाची. जेथे उघड्या डोळ्यांनी पाहतानाही उजेडाची इतकी काळजी घ्यावी लागते, तेथे पडवीतल्या दिव्यावर भरवसा कसा ठेवावा?

रात्रीची सर्वच छायाचित्रे टाकाऊ मात्र नसतात. जेथे आकार पाहावयाचा आहे तेथे ती चालतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील उलटा इंग्रजी वाय व शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके ट्यूबलाइटखालीही ओळखू येतात. अडचण आहे ती रंगाची.

रंगाची तक्रार असेल, तर शेतकरी बंधूंनी सकाळी शेतातच, झाडावरचे पान न तोडता, त्यावर अंगाची सावली धरून छायाचित्र काढावे. झाडाच्या दाट सावलीत, हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीजवळ काढू नये, कारण त्यांचाही रंग पानावर उतरतो. पानालगत वहीचा कोरा पांढरा कागद धरावा. छायाचित्रात कागद हिरवट किंवा पिवळट आला, तर पानाचा रंगही खोटा समजावा. याहून उत्तम म्हणजे त्याच वाणाचे, त्याच शेतातील एक निरोगी पान शेजारी घ्यावे. उजेड बराच बिघडलेला असला तरी दोन पानांतील फरक बहुधा कळतो. पान वरचे की खालचे, हेही सोबत लिहावे.

कार्यकर्त्यांनी आपल्या बाजूचीही तपासणी करावी. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करण्याची सोय बहुतेक भ्रमणध्वनींत असते. ती चालू ठेवून पाहिले, तर शेतात दिवसाउजेडी काढलेले पानही पिवळेच दिसणार. उत्तर देण्यापूर्वी ती बंद करावी, अथवा उत्तर सकाळवर ठेवावे.