तेलाचा डबा आणि आपला दस्तरखान

अंगाने भरलेला माणूस दिसला की "खात्यापित्या घरचा" असे आपण कौतुकाने म्हणतो. लहान मूल गुटगुटीत नसेल तर आईलाच बोल लावतो. आता मात्र या कौतुकाकडे पुन्हा पाहायची वेळ आली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये देशातील सुमारे 21 टक्के स्त्रियांचे आणि 19 टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. 2019-21 च्या पाहणीत हेच प्रमाण 24 आणि 23 टक्क्यांवर गेले. वाढत्या वजनाबरोबर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी घरात शिरते.

23 फेब्रुवारी 2025 रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात' मध्ये प्रत्येक घराने तेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करावा, असे आवाहन केले. देशाचे आवाहन असले तरी ते अमलात यायचे आहे ते आपल्याच स्वयंपाकघरात. म्हणून आधी आपला हिशेब मांडू या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या नमुना आहारात मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे चहाचे सहा चमचे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर पुरायला हवे. आपल्याकडे पाच लिटरचा डबा महिनाभर तरी टिकतो का? नवा डबा उघडताना त्यावर तारीख लिहून ठेवा, उत्तर आपोआप मिळेल. शिवाय बेकरीची खारी, नानखटाई, संध्याकाळचे समोसे-भजी यांतले तूप-तेल या हिशेबात आलेलेच नाही! कढईत थेट धार सोडण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घातले, तरी बराच फरक पडतो.

साखरेचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो 25 ग्रॅमपर्यंतच असावी. दोन चमचे साखरेचा चहा पाच वेळा झाला की 50 ग्रॅम तिथेच संपतात. मालेगावच्या यंत्रमागापासून नाशिकच्या दूध बाजारापर्यंत आपला दिवस चहावरच चालतो. चहा राहू द्या, चमचा अर्धा करा.

यासाठी महागड्या पावडरी किंवा परदेशी फळे नकोत. आपल्या नाशिक जिल्ह्यात येवला, नांदगाव, मालेगावकडे बाजरी पिकते, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात नागली. आठवड्यातून तीन-चार दिवस मैद्याच्या पावाऐवजी भाकरी करता येईल. मिसळही सोडायची गरज नाही. मोड आलेली मटकी जास्त, तर्री आणि फरसाण कमी, एवढेच. द्राक्षांच्या हंगामात रसाच्या बाटलीऐवजी मुलांच्या हातात द्राक्षेच द्या.

सगळ्यांत अवघड आहे तो आग्रह. दावतीत पाहुण्याने "बस" म्हटल्यावरही ताटात बिर्याणी वाढणे म्हणजे प्रेम, असे आपण समजतो. मधुमेहाच्या पाहुण्याला "एका दिवसाने काय होते?" म्हणत खीर देतो. खाण्यापिण्यात अतिरेक नको, आणि पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपण मुलांना देतो. दस्तरखानावर मात्र विसरतो. पाहुण्याला प्रेमाने विचारावे, पण त्याचा नकारही तितक्याच प्रेमाने ऐकावा.

भगिनींनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी. सर्वांत शेवटी जेवायचे आणि "वाया जाऊ नये" म्हणून भांड्यातले उरलेले, मुलांच्या ताटातले राहिलेले स्वतःच संपवायचे, ही सवय घरोघरी आहे. अन्न वाया जाऊ नये हे खरेच. पण त्यासाठी आपले पोट हे उरलेल्याचे भांडे नव्हे. अंदाजाने थोडे कमी शिजवा, उरले तर वेळेवर शेजारी गरजूला द्या आणि स्वतः सर्वांबरोबर जेवायला बसा.

मुलीला "बारीक हो, नाहीतर स्थळ येणार नाही" असे टोमणे मारून काहीही साधत नाही. ती फक्त लपून खायला शिकते. बदल करायचा तर तो सगळ्या घराच्या ताटात व्हावा, एकटीच्या नव्हे. या महिन्यात पाचऐवजी साडेचार लिटर तेलात भागवून पाहू या. पुढच्या महिन्यात आणखी थोडे कमी.