मूलपेशींच्या ताटात काय वाढले?

मूलपेशींच्या उपचारांची बातमी आली की पेशी कुठून घेतल्या आणि गुण किती आला, याची चर्चा होते. प्रयोगशाळेच्या बशीत त्या आठवडेच्या आठवडे वाढत असताना त्यांना काय खाऊ घातले, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवे.

पेशी दुभागायची तर नवे पेशीपटल लागते, आणि ते मुख्यतः मेदाचे असते. पूर्वी मूलपेशी उंदराच्या पेशींच्या थरावर आणि वासराच्या रक्तद्रवात वाढवत. मेद आपोआप मिळे. पण प्रत्येक बाटलीतला माल वेगळा आणि संसर्गाची धास्ती कायम. म्हणून 2011 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेने अवघ्या आठ घटकांचे 'ई-8' माध्यम तयार केले. ते मोजूनमापून केलेले, स्वच्छ आहे. पण त्यात मेद नाही.

मग पेशी मेद स्वतःच बनवतात. पामिटिक आम्लाच्या एका रेणूसाठी एनएडीपीएचचे 14 रेणू खर्ची पडतात. डीएनएवर होणारा ऑक्सिडीकरणाचा मारा थोपवणाऱ्या ग्लुटाथायोनलाही हेच एनएडीपीएच लागते. म्हणजे तिजोरी एक आणि खर्च दोन. याउलट बहुअसंतृप्त मेद जास्त झाला, तर तो तेलासारखा खवट होतो आणि त्यातून निघणारे मॅलोनडायअल्डिहाइड डीएनएला चिकटते. उपास नको, तसा अतिरेकही नको.

डीएनए बिघडलेल्या बहुतेक पेशी मरतात. खरा धोका तगून राहणाऱ्या पेशींचा. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जादा झालेल्या पेशी सहजी मरत नाहीत आणि हळूहळू सारी बशी व्यापतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या निरोगीच दिसतात.

ही भीती कागदावरची नाही. जपानमध्ये 2014 साली प्रेरित मूलपेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर प्रथमच एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि प्रत्यारोपण थांबवण्यात आले. तपासणी झाली म्हणूनच ते कळले.

आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तरीही गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर उपायाच्या जाहिराती झळकतात. तिथल्या पेशी बहुधा अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या असतात. पण त्या बशीत वाढवल्या असतील, तर प्रश्न तेच उरतात.

साध्या गोळीच्या वेष्टनावर घटक आणि मुदत छापावी लागते. शरीरात सोडायच्या जिवंत पेशींसोबतही माध्यमाचे घटक, वाढवण्याचा कालावधी आणि शेवटच्या गुणसूत्र तपासणीचा अहवाल देणे सक्तीचे व्हावे. तोवर रुग्णाने आणि नातेवाइकांनी हे तीन कागद मागावेत. ते मिळत नसतील, तर पैसे भरू नयेत आणि सुईही टोचून घेऊ नये.