व्हिडिओ पोकर: १०० पैकी ४५ डाव जिंकूनही खिसा का रिकामा होतो?

अमेरिकेत जुगारावरचा कर बदलतोय. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानुसार, २०२६ पासून जुगारातल्या तोट्यापैकी फक्त ९० टक्केच रक्कम वजा करता येईल. म्हणजे वर्षभरात १ लाख डॉलर जिंकले आणि तेवढेच हरले, तर हातात शून्य, पण कर १० हजार डॉलरवर. लास वेगासमध्ये व्हिडिओ पोकर नेमाने खेळणाऱ्यांना हे का झोंबणार, ते समजून घेऊया.

या खेळात मशीन पाच पत्ते देतं. हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलायचे. समोर दुसरा खेळाडू नसतो, कुठल्या पानांना किती पैसे ते मशीनवरच लिहिलेलं असतं. 'जॅक्स ऑर बेटर' या प्रकारात गुलामाची जोडी लागली तरी लावलेले पैसे परत मिळतात.

समजा, तुमच्याकडे बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती आलेत. पाचही बदाम, म्हणजे फ्लश. चांगल्या मशीनवर त्याचे सहापट पैसे नक्की. पण सत्ती टाकली आणि बदामची दश्शी आली तर रॉयल फ्लश, म्हणजे ८०० पट!

काय कराल? उरलेल्या ४७ पत्त्यांपैकी एकच पत्ता रॉयल देतो. सात पत्त्यांनी पुन्हा फ्लश होतो. बाकी ३९ पत्त्यांवर हातातल्यापेक्षा कमीच मिळतं, त्यातल्या २४ वर तर काहीच नाही. तरीही सरासरी काढली तर सत्ती टाकणाऱ्याला साधारण १८ पट मिळतात. त्यामुळे टाकणंच बरोबर. बहुतेक वेळा हळहळ वाटेल, तो भाग वेगळा.

अचूक खेळलं तर या मशीनचा परतावा ९९.५४ टक्के असतो. १०० पैकी साधारण ४५ डावांत पैसे मिळतात, पण त्यातले २१ नुसते लावलेले पैसे परत देणारे. आणि परताव्यातले जवळपास २ टक्के एकट्या रॉयलचे, जो सरासरी ४० हजार डावांत एकदा लागतो. सव्वा डॉलरचा एक डाव, तासाला ६०० डाव धरले, तर रॉयल लागेपर्यंत तासाला सुमारे १८ डॉलर जात राहतात.

कॅसिनोला हे पक्कं ठाऊक असतं. फुल हाउसचे नऊऐवजी आठपट आणि फ्लशचे सहाऐवजी पाचपट केले की परतावा ९७.३० टक्क्यांवर येतो. जिंकणारे डाव मात्र साधारण तेवढेच राहतात, मशीन तसंच वाजत राहतं, आणि तक्ता न वाचणाऱ्याला फरक कळतही नाही.

मुरलेले खेळाडू मात्र तक्ता बघूनच बसतात आणि कॅसिनोच्या कार्डावरचा कॅशबॅक धरून अर्ध्या टक्क्याची तूट भरून काढतात. पण अशा बरोबरीत सुटणाऱ्यांचं वर्षभराचं जिंकणं आणि हरणं, दोन्ही आकडे मोठे असतात. नवा १० टक्क्यांचा नियम नेमका तिथेच लागतो, आणि त्यांचा नफा तर एक टक्काही नसतो.